आमचे कुक्कुटपुराण

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात काय लिहावे, याविषयी लोकांच्या कल्पना अगदी ठाम असतात. संतकाव्य, लोकसाहित्य, फार तर शुद्धलेखनाची दुर्दशा! यंदा आपण कोंबड्यांविषयी लिहिणार आहोत, असे मी घरात जाहीर केले, तेव्हा सौभाग्यवती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे अखेर तुमच्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी आलं म्हणायचं!"

वाचकहो, हा अपमान गिळून मी लिहावयास बसलो आहे. 

आमचे बिऱ्हाड नंदुरबार शहराच्या टोकाला. पुढे रस्ता, मागे चार हात परसू, परसात एक शेवग्याचे झाड आणि कपडे धुण्याचा दगड. २०२० सालच्या दिवाळीत माझा एक विद्यार्थी धडगावकडून मला भेटावयास आला. सहा तालुक्यांच्या आमच्या या जिल्ह्यात धडगाव म्हणजे सातपुड्याच्या पोटातले गाव. त्या बाजूचा मनुष्य रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जात नाही. मुलाच्या हातात बांबूचे डालगे होते आणि डालग्यात तीन तलंगा नि एक कोंबडा. मी अंकलिपी शिकविल्याच्या थाटात त्याला सांगू लागलो, "अरे, गुरूने असं काही घ्यायचं नसतं." तो डालगे खाली ठेवीत शांतपणे म्हणाला, "सर, परत नेली तर माझी आय मला घरात घेणार नाही." मुद्दा बिनतोड होता.

आमची कन्या त्या वेळी दहा वर्षांची. शाळा महामारीमुळे बंद, मैत्रिणी आपापल्या घरात कोंडलेल्या. तिने डालग्यावरचे फडके काढले आणि अर्ध्या तासात चौघांचे नामकरण उरकले. किंचित लंगडणारी ती ठमाबाई, तुरुतुरु पळणारी ती बिजली, अंगाने काळीभोर ती काळी. आणि मान ताठ ठेवून आमच्याकडे तुच्छतेने पाहणारा कोंबडा तो सुभेदार. एकदा नाव ठेवले की त्या प्राण्याचा रस्सा होत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. आमच्याकडे रविवारी सामिष चालते. परंतु त्या दिवसापासून रविवारी वांग्याचे भरीत होऊ लागले.

घरातील एकच व्यक्ती हे डालगे पाहण्यास आली नाही. माझ्या सासूबाई. सासरे निवर्तल्यावर त्या नवापूरहून आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांनी दारातून एकदा पाहिले, पदर तोंडाशी नेला आणि आत निघून गेल्या. त्यानंतर परसातला कपड्यांचा दगडसुद्धा त्यांनी सोडला. लुगडे न्हाणीघरातच धुऊ लागल्या. कारण मला ठाऊक होते, हिलाही ठाऊक होते. त्या विषयावर घरात बोलायचे नाही, असा चौदा वर्षांचा अलिखित नियम होता.

असो. आधी सुभेदार.

कोंबडा पहाटे आरवतो, ही कविकल्पना आहे. कोंबडा पहाटे आरवतोच. शिवाय तो नऊ वाजता, साडेदहाला, दुपारी जेवणाच्या वेळी आणि शेजारी स्कूटर चालू झाली की आरवतो. त्या वर्षी आम्हां प्राध्यापकांना घरी बसून भ्रमणध्वनीवरून तास घ्यावे लागत. प्रथम वर्षाला मी ऱ्हस्व आणि दीर्घ स्वर समजावून सांगत होतो, तोच खिडकीच्या गजावर येऊन सुभेदारांनी बांग दिली. पलीकडून एका मुलाचा आवाज आला, "सर, तास संपला का?"

पण मी पडलो भाषेचा माणूस. मी मुलांना म्हटले, थांबा, आज खरा वैयाकरण आला आहे. पाणिनीने अष्टाध्यायीत ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरांच्या तीन लांबी सांगताना नमुन्यादाखल नेमका उकार घेतला. 'अ' का घेतला नाही? परंपरा सांगते, कारण कोंबडा! त्याच्या आरवण्यात आधी आखूड उ, मग लांब ऊ, मग ओढलेला ऊऽऽऽ असे तिन्ही एकापाठोपाठ ऐकू येतात. सुभेदारांनी लगेच प्रात्यक्षिक दिले. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत एवढा रंगलेला व्याकरणाचा तास दुसरा नाही.

त्याला वेळ कशी कळते, हा प्रश्न कन्येचा. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी कोंबड्यांना सदैव मंद उजेडात ठेवून पाहिले, आणि तरीही ते आपल्या ठरल्या वेळी आरवत राहिले, असे त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. घड्याळ त्याच्या आतच असते. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे आपल्याकडे म्हातारीलाही ठाऊक होते. कोंबडे झाकले म्हणून आरवायचेही राहत नाही, एवढी भर जपान्यांनी घातली. त्याच मंडळींनी पुढे असेही दाखविले की, चार कोंबडे एकत्र असले तर पहिली बांग मानाने वरचढ असलेला देतो आणि बाकीचे त्याच्यामागून. सुभेदार आमच्याकडे एकटाच असल्यामुळे मान आपोआपच त्याच्याकडे होता. परंतु तो मान फक्त बांगेपुरता. सत्ता ठमाबाईची.

ठमाबाई लंगडी खरी, पण दाण्याचे ताट खाली ठेवले की पहिली चोच तिची. बिजलीने मध्ये डोके घातले की टोच! बिजली मग रागाने वळून काळीला टोचे. काळीला टोचायला खाली कोणी नव्हते, म्हणून ती माझ्या चपलेला टोचत असे. नॉर्वेतील श्येल्डरूप-एब्बे नावाच्या एका गृहस्थाने लहानपणापासून घरच्या कोंबड्यांची अशी टिपणे ठेवली होती. कोणी कोणाला टोचले, कोण गप्प बसले. पुढे १९२१ च्या सुमारास त्याने ती शास्त्रज्ञांपुढे मांडली आणि कळपातली ही चोचीची उतरंड जगाला ठाऊक झाली. मी ही हकीकत आमच्या प्राध्यापक-कक्षात सांगितली. ज्येष्ठतायादीवरून नुकताच वाद झाला होता. कोणी हसले नाही. सर्वांत कनिष्ठ प्राध्यापक तेवढा आपल्या चपलेकडे पाहत राहिला.

सुभेदारांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. चाणक्यनीतीत कोंबड्याकडून शिकण्याजोग्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. वेळेवर उठणे, झुंजणे, आप्तांना वाटून खाणे आणि स्वतः मिळवून खाणे. पैकी वाटून खाणे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एखादा किडा सापडला की तो स्वतः खात नसे. चोचीने उचलायचा, खाली टाकायचा, कुकुकुकु करीत तिघींना हाका मारायच्या. ही कौतुकाने म्हणाली, "बघा, शिका जरा." दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, पठ्ठ्या अधूनमधून काहीच सापडलेले नसतानाही अशाच हाका मारतो आणि त्या बिचाऱ्या धावत येतात. मी हे हिला दाखविले. ती म्हणाली, "तेवढं तुम्हाला शिकायची गरज नाही. येतं."

अंड्यांचे वेळापत्रक हा आणखी एक गोंधळ. कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला दिवसाहून थोडा अधिक, सुमारे पंचवीस तास लागतात. त्यामुळे आज सकाळी आठला, तर उद्या नऊनंतर, परवा आणखी उशिरा. आणि वेळ फार पुढे गेली की एक दिवस सुट्टी. आमच्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी याचे इतके साम्य होते की मला परके वाटले नाही. शिवाय जागेचे काही खरे नसे. मी खुराड्यात मऊ पेंढा घालून दिला, तर बिजलीने निवडली ती माझ्या मेजाखालची टोपली. तीत अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. परीक्षेत भोपळा मिळतो हे मी आयुष्यभर ऐकले. पण एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवर प्रत्यक्ष अंडे ठेवलेले मी त्या दिवशी पाहिले. तेही ऊबदार. त्या मुलाला मी दोन गुण वाढवून दिले. कुलगुरूंच्या हाती हा अंक पडू नये.

आता मिरचीचे प्रकरण. नंदुरबार म्हणजे मिरची, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. थंडी पडू लागली की गावाबाहेरच्या मोकळ्या पथाऱ्यांवर लाल मिरच्या वाळत पडतात. लांबून पाहावे तर जमिनीवर कोणी शालू अंथरला आहे असे वाटते, आणि जवळ जावे तर शिंका थांबत नाहीत. आमच्या शेजारच्या काकू घरच्यापुरती मिरची अंगणात बाजेवर वाळत घालतात. एके सकाळी त्या कमरेवर हात ठेवून आमच्या दारात उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमन्या कोंबड्यास्नी मन्या मिरच्या खाई टाक्यात!"

मी म्हणालो, "काकू, शक्य नाही. एवढं तिखट मुकं जनावर कसं खाईल?" आम्ही दोघे जाऊन पाहतो तो ठमाबाई बाजेवर उभी राहून, लोकांनी खारे शेंगदाणे खावेत तशा मिरच्या खात होती. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही! मागाहून मी वाचून काढले. मिरचीतील ज्या द्रव्याने आपली जीभ जळते, ते पक्ष्यांना जाणवतच नाही. मिरचीच्या दृष्टीने हा शहाणपणाचा व्यवहार आहे. सस्तन प्राणी बी चावून टाकतो, पक्षी गिळतो नि दूर जाऊन टाकतो. म्हणून तिने एकाला तोंड पोळवून हाकलले आणि दुसऱ्याला पंगतीला बसविले. हे शास्त्र मी काकूंना समजावून सांगितले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि मिरचीचे पैसे मागितले. शेवटी तडजोड ठरली, आठवड्याला चार अंडी. ती अंडी फोडली की आतला बलक शेंदरासारखा निघे; मिरचीचा रंग बलकात उतरतो. काकू पुढे पुढे मिरच्या मुद्दाम कडेला सांडून ठेवीत असाव्यात, असा माझा संशय आहे.

हे सर्व चालले असता सासूबाई परसात फिरकल्या नाहीत. परंतु अंडे घालून झाल्यावर ठमाबाईने जो कलकलाट करावा, तो सुरू झाला की स्वयंपाकघरात त्यांचा हात क्षणभर थांबे. एवढे मी पाहिले होते.

जानेवारी २०२१ च्या अखेरीस काळी खुडूक झाली. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. अंडी घालणे थांबवून कोंबडी बसूनच राहते, पिसे फुगवते, जवळ गेले की गुरगुरते. खाली अंडे नसले तरी चालते. काळी एका जुन्या बॅटरीवर बसली होती. खुडूक मोडायची तर कोंबडीला गार पाण्यात बुडवा, असे कोणीतरी सांगितले. मी बादली भरली, हिने काळीला धरले आणि खिडकीतून आवाज आला.

"जावईबापू, बुडवू नका तिला."

सासूबाई परसात आल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी काळीला हिच्या हातून काढून काखेत घेतले, एखादी वाटी उचलावी तितक्या सहज. "बसू द्या तिला. तिच्या मनात आहे." मग भराभर हुकूम सुटले. पसरट टोपली आणा. तळाला राख घाला, म्हणजे उवा होत नाहीत. वर पेंढा. अंडी ताजी आणा, पाण्याने धुतलेली नकोत. त्यांनी एकेक अंडे हाताच्या मुठीत धरून उन्हाकडे पाहिले, दोन बाजूला केली आणि अकरा ठेवली. टोपलीत एक लोखंडी खिळाही टाकला. तो कशाला, असे मी विचारले. "ठेवायचा असतो," त्या म्हणाल्या. मी लोकसाहित्याचा पेपर शिकवतो. पण पुढे विचारायचे धैर्य झाले नाही.

"एकवीस दिवस," त्या काळीला म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता चौदा वर्षांचा नियम मोडतो. १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले की नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेने तपासून सांगितले, एच५एन१. भारतात कोंबड्यांत हा रोग सापडल्याचे ते पहिले उदाहरण. ज्या नवापूरचे नाव तोवर निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत असलेल्या रेल्वे स्टेशनापुरते लोकांना ठाऊक होते, ते एका रात्रीत जगभर झाले. तिथे हजारो हजारो कोंबड्यांच्या मोठाल्या शेडी. सुरतेपर्यंत अंडी जात. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. पांढरे डगले, चष्मे, मुखपट्ट्या घातलेली पशुवैद्यकांची पथके गावात उतरली. लाखोंनी पक्षी मारून खड्ड्यांत पुरावे लागले. आणि रोग शेडीत आहे म्हणून घरामागच्या चार कोंबड्या सुटत नसतात. बाधित भागातील परसातले पक्षीही द्यावे लागले. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तेच. त्या साथीत माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही, त्याचे श्रेय या कठोर कामाला नाही असे कोण म्हणेल?

सासूबाईंच्या नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा होता. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा खुराड्याचे दार उघडे होते आणि अंगण झाडून लख्ख केलेले होते. त्या एकच वाक्य बोलल्या, "मीच धरून दिल्या. त्या पोरांना धरता येत नव्हत्या." सरकारी भरपाई मिळाली, ती त्यांनी मोजली नाही. पुन्हा कोंबडी पाळली नाही.

एवढेच मला ठाऊक होते. उरलेले मला २०२१ च्या फेब्रुवारीत कळले.

काळीला बसून दोन आठवडेही झाले नसतील, तोच बातमी आली. नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू. पुन्हा पथके, पुन्हा खड्डे. आम्ही नंदुरबारला, म्हणजे त्या घेऱ्याच्या बाहेर होतो. परंतु भीतीला घेरा नसतो. गल्लीत कुजबुज झाली. काकूंनी अंडी घेणे थांबविले. एका सहकाऱ्याने फोनवर सांगितले, "घरात लहान मूल आहे, म्हातारं माणूस आहे, काय करताय?" आणि मला कबूल केले पाहिजे, मी घाबरलो. महामारीने आधीच मन हलके झालेले. मी हिला म्हणालो, "उद्या चौघांनाही देऊन टाकू या. टोपलीतली अंडीही."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकले. खाली बसल्या आणि कन्येकडे पाहत, जणू तिलाच सांगत असल्यासारख्या म्हणाल्या, "तेव्हासुद्धा माझी एक बसली होती. अकरा अंड्यांवर. विसावा दिवस होता. आतून आवाज येत होता. ते लोक आले तेव्हा मी त्यांना सांगितलं नाही आवाज येतोय म्हणून. सांगितलं असतं तर त्यांना टोपली उचलायला जड गेली असती."

कोणी काही बोलले नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "रोग आला आणि माणसं दारात आली, तर मी पुन्हा धरून देईन. पण आला नाही, तोवर एकवीस दिवस थांबा."

दुसऱ्या दिवशी मी पशुवैद्यकांना विचारून आलो. त्यांनी सांगितले ते सरळ होते: पक्षी बांधून ठेवा, बाहेरच्या पक्ष्यांत मिसळू देऊ नका, हात साबणाने धुवा, एखादा मलूल झाला वा दगावला तर हात न लावता ताबडतोब कळवा. परसाला जाळी आली. परसाची चप्पल वेगळी झाली. मुखपट्ट्या त्या वर्षी घरात होत्याच. सुभेदारांचा कारभार चार हातांत आटोपला. ते दिवसभर जाळीला नाक लावून रस्त्यावरच्या स्कूटरींना आव्हान देत राहत. सासूबाई सकाळ-संध्याकाळ चौघांचे तुरे, डोळे, विष्ठा पाहत आणि मला अहवाल देत: "ठीक." मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारी. परीक्षेच्या निकालाची मी अशी वाट पाहिलेली नाही.

विसाव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हां तिघांना हाक मारली. काळीच्या पोटाखालून अंडे काढून त्यांनी ते कन्येच्या कानाशी धरले. पोरीचे डोळे मोठे झाले. मग हिच्या, मग माझ्या. कवचाच्या आतून बारीक, पण अगदी स्पष्ट, चिंव चिंव. आणि वरून काळी हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती. पिलू बाहेर येण्याआधीच मायलेकरांचे बोलणे सुरू होते, हे पुस्तकातही लिहिले आहे. सासूबाईंनी अंडे सर्वांत शेवटी स्वतःच्या कानाला लावले. बराच वेळ.

एकविसाव्या दिवशी आठ पिले निघाली. तीन अंडी वाया गेली. एक पिलू मांजराने नेले. ते पुराण निराळे आणि त्यात दोष माझा आहे, जाळीचे दार मी लावले नव्हते.

पिले दीड महिन्याची झाली, नवापूरचीही बातमी जुनी झाली. एके दुपारी शेजारच्या काकू जाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. इकडचे तिकडचे बोलणे झाले. उन्हाळा, पाणी, पोरांच्या शाळा. शेवटी म्हणाल्या, "मावशी, दोन पिल्लं मला देशात का?"

सासूबाईंनी पदर खोचला, जाळीत शिरल्या, दोन तलंगा एका झपाट्यात धरल्या आणि काकूंच्या ओटीत घातल्या.

"ने," त्या म्हणाल्या. "पण मिरच्या झाकून ठेव."